गोळ्या खाणारी पोरगी

शिराळ्यात स्टँडसमोर एका ताईंचं टायपिंगचं दुकान आहे. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली कादंबरी मी त्यांच्याकडेच टाइप करायला दिली. डॉक्टरांनी आईला झोपेसाठी दिलेल्या गोळ्या चोरून खाता खाता त्यांच्या आहारी गेलेल्या दहावीतल्या मुलीची ती गोष्ट.

ताई प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचत टाइप करतात आणि मध्येच पात्रांशी भांडतात. "आगं, ठेव की ती डबी!" असं त्या स्क्रीनलाच दटावायच्या. मग माझ्याकडे वळून, "आवं सर, चार पानं झाली, पोरीला दोन घास जेवू तरी घाला!" इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कुणी वाचलं नव्हतं.

शेवटच्या प्रकरणात ती मुलगी मरते. तिथं ताईंची बोटं थांबली.

"ह्ये मी न्हाई टाइप करणार."

"ताई, मुलांना धाक बसायला हवा."

"आनि जी पोरगी आदीच गोळ्या खातीया, तिनं ह्ये वाचून काय करायचं?"

मी शेवटची पानं परत घेतली. तिथंच बाकावर बसून मी नवा शेवट तोंडी सांगू लागलो. मुलगी आईला सगळं सांगून टाकते, आई तिला घेऊन दवाखान्यात जाते. ताई भराभर टाइप करत होत्या. अर्ज करून घ्यायला आलेल्या एका आजोबांना राहवेना.

"मग जगली का पोरगी?"

"जगली की!" ताई म्हणाल्या, आणि खुर्चीतूनच ओरडून त्यांनी समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले.