आठ ढिले स्क्रू

मी बी.कॉम. आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर येणार आहे.

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण; तिने तोंड उघडल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागल्यासारखं कुणाला वाटतच नाही. कुळगावपासून जांभूळपर्यंतच्या निम्म्या संसारांना माझी आईच जबाबदार आहे! तर गेल्या वर्षी रेडिओवाल्यांना तिचा पत्ता लागला. तिला नेऊन अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग केलं आणि कळवलं, की अमुक रविवारी सकाळी अकराला मिडियम वेव्हवर लागेल. एकदाच. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात गायलं, पण स्वतःला नीट असं कधी ऐकलंच नव्हतं. (लग्नाचे मोबाईलवरचे व्हिडिओ ती धरत नाही. त्यात डीजे जास्त आणि ती कमी.) तिच्या दोघी बहिणी खास जांभूळहून ऐकायला येणार होत्या.

"आई, मोबाईलवर ॲप आहे. त्यावर लावू," मी म्हटलं.

"मोबाईलान कोन पन गातं," आई म्हणाली. "मना याच्यानच ऐकाचा हाय."

'याच्यान' म्हणजे वडिलांनी मस्कतहून आणलेला टू-इन-वन. दोन स्पीकर, मधे कॅसेट, वर हँडल. उचलायला दोन माणसं. वडील गेले, कॅसेट गेल्या, पण आई रोज सकाळी रेडिओ लावायचीच. अलीकडे मात्र त्याचा आवाज खोल गेला होता. बातम्या देणारी बाई आडात पडून मदत मागतेय असं वाटायचं.

"सुरेश, यो असा का खोकतं रं?" आईने विचारलं.

"अँटेना," मी म्हणालो. बी.कॉम. माणसाला रेडिओचा एवढा एकच अवयव माहीत असतो.

मग मी अँटेनाच्या टोकाला तांब्याची वायर बांधली. ती खिडकीतून काढून वरच्या पाटीलकाकूंच्या वाळत घालायच्या दोरीवरून गच्चीपर्यंत नेली. फरक शून्य! पाटीलकाकूंच्या दोन साड्या मात्र खाली आल्या, आणि मागोमाग पाटीलकाकूही. मग मी अँटेनाला स्टीलचं ताट लावलं. ताटाने काही होईना म्हणून परात लावली.

"अहो, कुणातरी जाणत्याला दाखवा," मनीषा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. परात तिची होती.

"जाणता म्हणजे काय? उघडून बघायचं!" मी म्हणालो आणि उघडून बघितलं.

आत पाहतो तर काय, दोष लख्ख दिसत होता. छोट्या छोट्या डब्यांच्या डोक्यावर पिवळे, पांढरे, काळे असे एकूण आठ स्क्रू होते आणि आठही ढिले! इतक्या वर्षांत कुणी घट्टच केले नव्हते. शिवाय जागोजागी मेणासारखा मळ साचला होता. मी आठही स्क्रू दात-ओठ खाऊन पिळले. मळ केसांच्या पिनेने खरवडून काढला. शेवटी फडक्याने पुसून, झाकण लावून, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून बटण दाबलं.

रेडिओ पूर्ण शांत होता. आता खोकतसुद्धा नव्हता.

आईने पदराने रेडिओची काच पुसली आणि आत निघून गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. रविवार चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पोट दुखतंय असं सांगून मी रेडिओ मांडीवर घेऊन रिक्षाने उल्हासनगर गाठलं. तीन नंबरच्या बाजारात गोपदादा म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत. पंचाहत्तरीचे असतील. दुकान कपाटाएवढं, त्यातही बसायला जागा फक्त त्यांना. त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"साईं, ये टाइट किसने किया?"

"एक मेकॅनिक होता," मी म्हणालो.

"क्या करता है वो?"

"बी.कॉम. आहे."

गोपदादा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "हे स्क्रू नाही, साईं. हे सूर आहेत. कंपनीने एकेक सूर लावून वरून मेण टाकलं होतं, कोणी हलवू नये म्हणून. मेण कुठे गेलं?"

"...मळ होता ना?"

मग मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यांनी स्वेटर विणायची प्लॅस्टिकची सुई काढली. तिचं टोक त्यांनी स्वतः घासून चपटं केलं होतं. लोखंड जवळ आलं तरी सूर हलतो म्हणे! डोळे मिटले, कान स्पीकरला लावला आणि एकेक स्क्रू केसभर, अगदी केसभर फिरवू लागले. बाहेर हॉर्न, टेम्पो, लग्नाचा बँड; त्यांना कशाचा पत्ता नव्हता. दोन तासांनी त्या मुक्या खोक्यातून आधी कुजबुज आली, मग बासरी आली, आणि मग इतका स्वच्छ आवाज आला की शेजारचा जीन्सवाला दुकान सोडून उभा राहिला. शेवटी गोपदादांनी मेणबत्ती पेटवून प्रत्येक जागी थेंब टाकला.

"आता मेकॅनिकला सांगा, याला हात लावायचा नाही. आणि मिडियम वेव्हला बाहेरची दांडी लागतच नाही. आत ही काळी कांडी आहे ना, तीच त्याची अँटेना."

म्हणजे परात फुकट गेली.

मी विजयी मुद्रेने घरी आलो, रेडिओ नव्या शोकेसमध्ये ठेवला, लावला, आणि बातम्यांची बाई पुन्हा आडात! गोपदादांना फोन केला.

"रेडिओ ठेवला कुठे?"

"शोकेसमध्ये. मीच नवीन करून घेतली दोन महिन्यांपूर्वी, दाराच्या भिंतीला."

"त्याच्या आधी कुठे होता?"

"बाजूच्या, खिडकीच्या भिंतीला."

"मग तिकडे तोंड होतं तसा आडवा फिरवा. त्या कांडीचं टोक रेडिओ स्टेशनकडे झालं तर तिला ऐकू येत नाही."

मी फिरवला. बाई आडातून थेट सोफ्यावर येऊन बसली!

"म्हणजे, दादा, आधी यात काही बिघडलंच नव्हतं?"

"बिघडलं होतं ना," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं फर्निचर."

रविवारी अकराला हॉलच्या मधोमध स्टुलावर रेडिओ आडवा बसला होता. समोर आई नवी साडी नेसून, बाजूला दोघी मावश्या, मागे पाटीलकाकू (साड्या माफ केल्या होत्या). निवेदिकेने नाव घेतलं आणि आईचा आवाज घरभर पसरला. माझ्या आईचा आवाज इतका मोठा आहे हे मला पन्नाशीत कळलं. मोठी मावशी रडायला लागली, मीही रडलो. आई रडली नाही. ती मान हलवून स्वतःलाच दाद देत होती, आणि अगदी योग्य जागी देत होती.

मग मुलाखत लागली. निवेदिकेने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"सून हाय, पोर हाय," रेडिओतली आई म्हणाली. "पोर लय हुशार! घरान काय पन बिगरलं का तोच नीट करतं. परवा मिक्सर बी त्यानीच नीट केला."

(मिक्सर मी गुपचूप नवा आणला होता.)

हॉलमध्ये सगळे मान वळवून माझ्याकडे बघत होते. मनीषाने पदर तोंडात कोंबला होता. एवढ्यात मोबाईल वाजला. गोपदादा! मी सांगून ठेवल्याप्रमाणे तेही दुकानात रेडिओ लावून बसले होते.

"साईं, अम्मा क्या गाती है! आवाज साफ आला ना?"

"एकदम साफ, दादा."

"वो बेटेवाला हिस्सा भी?"

"नाही हो," मी म्हणालो, "नेमकी तिथेच जरा खरखर होती."