शिरूर ते दौंड: ऑक्टेव्ह मँडोलिन आणि मामांची दीडपट तपासणी

माझा आवाज जाड. आमच्या शिरूरच्या भीमगीतांच्या पार्टीत साधं मँडोलिन माझ्या डोक्यावरून चिरचिरत जातं आणि पार्टीचे सर्वेसर्वा असलेले माझे मामा दर गाण्याला सांगतात, "आवाज चढव की गं." चढवला की घसा बसतो. म्हणून एक सप्तक खाली बोलणारं ऑक्टेव्ह मँडोलिन दौंडला जुनं मिळतंय कळल्यावर मी निघालेच. मामाही निघाले. कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यातून, तपासणी खात्यातून रिटायर झालेत ते. घरात कुकरसुद्धा त्यांनी पास केल्याशिवाय येत नाही.

न्हावरा, चौफुला असं जा. एसटीत बाईला अर्धं तिकीट, हा या प्रवासातला एकमेव निर्भेळ आनंद. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते, तेव्हा पाणी जवळ ठेवा. चौफुल्याला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव कालचा. मामांनी पाव दाबून बघितला, नापास केला आणि दोन खाल्ले. कुरकुंभचा वास आल्यावर मात्र ते भरून पावले.

दौंडचे आप्पा रेल्वेतून निवृत्त. बोटं आखडली म्हणून वाद्य विकत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली वरची फळी जराशी दबली होती. आठ तारांच्या ताणानं एवढं दबायचंच, म्हणाले. मी वाजवलं. पहिल्याच खालच्या सुराबरोबर मी गायला लागले. माझ्या आवाजाला जन्मात पहिल्यांदा बसायला पाट मिळाला होता.

पण मामा! वाद्याची मान पाइपासारखी डोळ्याला लावून बघितली, पाठीवर टिचक्या मारल्या. मग कारखान्याचा नियम काढला: टाकी दीडपट दाबावर तपासल्याशिवाय पास करायची नाही. आप्पा चहा टाकायला आत गेलेले. मी नको नको म्हणेपर्यंत मामांनी तारांच्या चाव्या पिळल्या. कडाड! मानेचा सांधा उघडला, घोडी माझ्या मांडीत.

आप्पा कप घेऊन दारातच थांबले.

"टेस्टमधी फेल गेलं," मामा म्हणाले.

"खालच्या सुराचं हाय ते, पाव्हणं," आप्पा हळूच म्हणाले. "वर कशापायी वढलं?"

मला रडू आलं आणि संतापही. परतीच्या गाडीत मी मामांपासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसले.

घेतलं अर्थात तेच. आप्पांनी सांध्यात सरस भरून शिकंज्यात आवळून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात मी एकटी जाऊन घेऊन आले. तुम्ही जुनं घेणार असाल तर मान बघा, सांधा बघा, फळी किती दबलीय बघा. तपासणी खात्याचा माणूस घरी ठेवा.

सांध्यावर बारीक रेघ आहे. किती टिकेल, कुणास ठाऊक. निमोणे गावातल्या कार्यक्रमाआधी घरी तालीम झाली, तेव्हा मामा त्या रेघेकडंच बघत बसले होते. सवयीनं मी सूर वर न्यायला लागले.

"नगं चढवू," मामा म्हणाले. "हाय तिथंच गा."