पाण्याची शीळ

बिरूनं कुकरची नवी रिंग आणली, तेव्हाच खरं तर दिपालीला कळायला हवं होतं.

बजाजनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ओट्यापासून पलंग म्हणजे हात लांबवला तर लागेल इतका जवळ. त्या रविवारी डाळ लावून ती टँकरच्या रांगेला निघाली आणि दारातून म्हणाली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." हंडा घेऊन वर आली तर जिन्यातच कुकरचा आकांत ऐकू येत होता, डाळ बुडाला लागल्याचा वास सुटला होता, आणि बिरू पलंगावर मांडी घालून पेपर वाचत बसला होता.

"शिट्टीच होईना त्याची," तो म्हणाला. "रिंग गेली आसंल."

कुकर तेव्हाही ओरडत होता. दिपालीला वाटलं, आळशीपणावर पांघरूण घालतोय. पण संध्याकाळी तो खरंच दुकानात जाऊन रिंग घेऊन आला, स्वतःच्या हातानं बसवली, आणि तरीही समाधान न झाल्यासारखा झाकणाकडं बघत राहिला.

बिरू वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून धाडकन साचा येतो, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. आठ वर्षं हेच. कानात घालायला स्पंजाचे नारिंगी बोळे मिळायचे. पण बोळे घातले की साचा सैल झाल्याचा आवाज कळत नाही, म्हणून जुने लोक ते टोपीत खोचून ठेवायचे. बिरूही तेच करायचा. कान तपासायची गाडी एकदा आली होती, ती कायम कामगारांसाठी. बिरू ठेकेदाराचा माणूस.

"मेंढक्याचे कान हायेत माझे," लग्न झालं तेव्हा तो ऐटीत सांगायचा. "आंधारात कोणतं मेंढरू लंगडतंय ते घंटीवरून सांगत व्हतो मी."

दिपालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बिरूच्या मामाची मुलगी, पण मामा उस्मानपुऱ्यात वॉचमनकी करायचे. ती वाढली शहरात, बी.ए. झाली शहरात. तिनं मेंढरं पाहिली ती रस्त्याकडेनं जाणारी, बसच्या खिडकीतून.

बिरूच्या घरची मेंढरं दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गेली. वैजापूरकडच्या वस्तीवर प्यायला पाणी नव्हतं. दर वर्षी कळप घेऊन ज्या माळांवर उतरायचं, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले होते आणि पाटीवर कारंज्याचं चित्र होतं. शेवटी बिरूच्या वडिलांनी, खंडेरावांनी, व्यापाऱ्याचा टेम्पो बोलावला. मेंढरं भरली जात होती तेव्हा बिरूनं बटणांचा फोन रेकॉर्डिंगवर टाकला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. घंट्या परत ऐकायला मिळणार नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पुढच्या दिवाळीआधी खंडेरावही गेले. मागं राहिला रेशनकार्डावरचा एक धुरकट फोटो आणि ते रेकॉर्डिंग. त्यात टेम्पोचं इंजिन होतं, माणसांची आरडाओरड होती, घंट्या होत्या, आणि एका जागी खंडेरावांची शीळ होती. दातांतून घातलेली, बारीक, शेवटाला वर चढणारी. त्या शिळेसाठी बिरू कंपनीच्या बसमध्ये ते सगळं ऐकायचा. जुना फोन मरायला टेकला तेव्हा तो वाजवून, समोर नवा फोन धरून त्यानं त्याची नक्कल करून घेतली होती.

हा उन्हाळा तसाच आला. वस्तीवरचा बोअर आटला आणि बिरू आईला, पुतळाबाईला, शहरात घेऊन आला. आई घरात आली तशी त्याला ती शीळ वरचेवर आठवू लागली. एका संध्याकाळी त्यानं इअरफोन कानातून काढून दिपालीच्या हातात दिला.

"आबांची शीळ ऐकू येती का बघ गं. मला घूं घूं सोडून काय येईना."

नव्या फोनला इअरफोनचं भोकच नव्हतं. मध्ये लावलेला स्वस्तातला तुकडा सतत गुणगुणायचा. त्या गुणगुणीच्या आतून शीळ वाजली. बारीक, पण स्वच्छ वाजली. दिपालीनं मान वर केली. बिरू तिच्या तोंडाकडं असा बघत होता, की तिच्या तोंडून निघालं, "नाही हो. मलाही नाही येत."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग वायरच बोगस. मला वाटलंच."

खालच्या खोलीत सत्यम राहायचा. त्याच कारखान्यात तपासणीला होता आणि कमरेला हेडफोन लटकवून हिंडायचा. तो बिरूला शहागंजातल्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं अंगठ्याएवढी डबी काढली. तिला शेपटीएवढीच वायर.

"इसको डॅक बोलते, मामू," तो म्हणाला. "आवाज बढ़ाती नहीं, साफ करती. फोन में जो भरेला है वोइच निकलेगा, ज्यादा कुछ नहीं."

बिरू ती डबी घरी घेऊन आला आणि पुढचे कितीतरी दिवस तिच्याच मागं होता. सत्यम येऊन एकेक सांगायचा, बिरू मन लावून करायचा. चार्जिंगला लावून ऐकायचं नाही, तीच गुणगुण परत येते. वायर डबीबरोबर आलेलीच लावायची, चार्जरची लांब नाही. फोन विमान मोडवर टाकायचा. फोनमधले आवाज फुगवायचे सगळे खेळ बंद करायचे, कारण तेच आवाज फाडतात. इअरफोनची रबरी बोंडं सैल बसत होती, ती बदलली. शेवटी सत्यमनं आपला डोक्यावरचा मोठा हेडफोनच आणून दिला.

घूं घूं गेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बिरू लहान मुलासारखा हरखला. "आबा खाकरले! आगं, टेम्पोच्या फळीवर खूर वाजत्यात ते बी येतंय!" मग त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा मागं नेलं, पुन्हा ऐकलं.

"शीळ?" सत्यमनं विचारलं.

"न्हाय."

"दादा, तुम्ही नकलेची नक्कल ऐकताय. फोनसमोर फोन धरून केलेली. ओरिजिनल काढा की. जुन्या फोनात कार्ड असेल ना?"

कार्ड होतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तो मेलेला फोन सापडला आणि त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड. दिपाली रात्रंदिवस एकाच गोष्टीला घाबरत होती. आता काढायला दुसरं काही उरलं नव्हतं. वायर झाली, बोंडं झाली, नक्कल झाली. आता कारण उरलं तर एकच उरणार होतं, बारीक आवाज हरवलेले बिरूचे कान.

रविवारी जेवणाआधी बिरूनं कार्ड नव्या फोनात घातलं. हेडफोन चढवला. डोळे मिटून बसला, आणि दिपाली ओट्याशी कुकरमध्ये भात लावता लावता त्याच्याकडं बघत राहिली. शीळ यायची ती जागा आली असेल, गेली असेल. बिरूनं डोळे उघडले.

"टिपलीच न्हाय मंग फोननं," तो हळू म्हणाला. "खिशात व्हता ना. कापड आडवं आलं आसंल."

पुतळाबाई दाराशी लसूण सोलत होती. इतकी वर्षं तिनं ते रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. टेम्पो आला त्या दिवशी ती घरात जाऊन कानांत बोटं घालून बसली होती, आणि नंतरही "मला नगं त्ये" म्हणायची. आज काय वाटलं कुणास ठाऊक, हात पदराला पुसून तिनं हेडफोन मागितला. "आण, मी बघते. तुझ्या बापाचं खाकरनं तरी ऐकू दे."

बिरूनं तो तिच्या डोक्यावर नीट बसवला, डबीची वायर पिळली जाणार नाही असा फोन तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारी ऐकू लागली. हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलू लागली.

"ही मोरी! हिची घंटी चिरलेली व्हती... ही बांडी... आगं बया, मागं ऱ्हायली ती कोकरावाली..."

बिरू हसला. कितीतरी दिवसांनी हसला. आणि पुतळाबाई एकदम थांबली. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाली, "बिरू. ही तर पाण्याची शीळ हाय."

बिरूनं मान खाली घातली.

"विहिरीपाशी पाणी काढून ठिवलं की घालायचा ती. दुसऱ्या कशाला घालायचा न्हाय. टेम्पोत चढवाया घातली व्हय ही?"

"चढंचना गेली व्हती, माय. फळीपाशी आडून बसली. यापारी काठी घेऊन धावला. मंग आबांनी शीळ घातली, आन् समदी एकमेकीच्या अंगावरून पळत चढली."

"तहानलेली व्हती ना ती," पुतळाबाई म्हणाली. मांडीवरच्या फोनकडं बघत राहिली. "तरीच. त्यानंतर कधी शीळ घातली न्हाय त्यानं. इचारलं तर म्हणायचा, दात हालतोय."

खाली टँकरचा भोंगा वाजला, बायकांचा गलका झाला, पण कुणी उठलं नाही. मग बिरूच्या कपाळाला आठी पडली.

"माय, तुला ऐकू आली शीळ?"

"आली म्हंजी? कानात सुई घातल्यावानी आली."

त्यानं आईच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि दिपालीकडं धरला. "तू ऐक."

दिपालीनं घातला. खरंच, त्या चिमुकल्या डबीनं सगळं उघडं करून ठेवलं होतं. कुणीतरी धापा टाकत होतं, घंट्या एकमेकींवर आदळत होत्या, आणि मग ती शीळ आली. इतकी गोड, इतकी भरवशाची, की आपणही उठून मागं जावं. ती संपेपर्यंत दिपालीनं ऐकली. आताही बोलता आलं असतं. आत्याला भास झाला, सत्यमला परत विचारू, दुसरी मोठी डबी मिळते म्हणे. बिरू त्या बोलण्यामागं पळत गेला असता.

तिनं हेडफोन काढून पलंगावर ठेवला.

"येते ऐकू. मागच्या वेळीही आली होती. मी खोटं बोलले."

पुतळाबाई एकदा सुनेकडं, एकदा लेकाकडं बघू लागली. बिरूनं वायर हातात घेतली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"आन् कुकरची रिंग?"

"जुनी चांगली होती."

त्यानं मान हलवली. कितीतरी वेळ नुसती मान हलवत होता. दिपालीला वाटलं, चिडेल, चार शब्द बोलेल, बोलला असता तर बरं झालं असतं. तो उठून दार लोटून आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सत्यमला सांगू नगं. कंपनीत कुणाला कळलं तर ठेकेदार उद्या गेटातून आत घ्यायचा न्हाय."

"उद्यापासून ते बोळे घाला."

"आता घालून?"

"जे राहिलंय तेवढ्यासाठी घाला. आणि घाटीत जाऊन दाखवू. कंपनीत कशाला सांगायचं?"

मोठ्या सरकारी दवाखान्याला गावभर घाटीच म्हणतात.  बिरूनं खुंटीवरची कामाची टोपी काढली, तिच्या घडीतून बोळे बाहेर काढले. काळे पडून दगडासारखे झाले होते. बोटांत दाबून पाहिले आणि पँटच्या खिशात टाकले.

मग तो आईसमोर जमिनीवर बसला. हेडफोन तिच्या डोक्यावर पुन्हा चढवला, डबी नीट बसलीय का ते चाचपून पाहिलं आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

"माय," तो तिला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाला, "शीळ आली की बोट वर कर."

पुतळाबाईनं डोळे मिटले. ओट्यावर कुकरची पहिली शिट्टी झाली. बिरू हलला नाही. दिपालीनं उठून गॅस बारीक केला आणि वळून पाहिलं, तर म्हातारीचं बोट हळूहळू वर येत होतं आणि बिरू त्या बोटाकडं बघत होता.