काडीला लागलेला ओला भुगा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मन या विषयाकडं वळलं की मी घाईनं घंटा वाजवून मोकळी होते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच असेल.

गोष्ट केकची आहे. हसा खुशाल. मीही पुष्कळ वर्षं हसण्यावारीच नेली.

आम्ही बेंबळीचे. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. माझी धाकटी जाऊ शैला अणदूरची, आठवी शिकलेली, मला अक्का म्हणणारी. तिच्या लेकीचा, गौरीचा, पहिला वाढदिवस होता. शैलाच्या भावानं पुण्याहून केकच्या तयार पिठाचं खोकं पाठवलं होतं — एकच. संध्याकाळी तो स्वतः आणि अणदूरची सगळी माणसं येणार होती. माहेरच्यांपुढं आपल्या हातचा केक ठेवायचा, हे शैलानं आठ दिवस आधीपासून मनात धरलं होतं. तिच्या माहेरी तोवर कुणी घरी केक केला नव्हता, आमच्याकडं तर नव्हताच.

खोक्यावर सगळं इंग्रजीत. आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी. बी. ए. झालेली सून म्हणून सासूबाई मला पाहुण्यांपुढं मिरवायच्या, आणि पाहुणे जेवायला बसले की भाकरी थापायला शैलाला बसवायच्या. माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा, तिची टम्म फुगायची. तिच्या हाताला चव होती — होती म्हणजे काय, आहेच. माझ्याजवळ काय होतं? ते इंग्रजी.

मी वाचत गेले, ती करत गेली. दूध एवढं, तेल एवढं, एकाच दिशेनं फेट. आमच्याकडं ओव्हन कुठला? कुकरची रिंग काढली, शिट्टी काढली, तळाशी मीठ पसरलं, त्यावर ताटली पालथी घातली आणि तूप लावलेला डबा ठेवून गॅस अगदी बारीक केला. मग दोघी फरशीवर पाय पसरून बसलो. ती अणदूरच्या जत्रेतल्या गमती सांगत होती, गौरी माझ्या मांडीवर झोपली होती, आणि हळूहळू व्हॅनिलाचा तो वास स्वयंपाकघर ओलांडून अंगणात गेला. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या अर्ध्या तासासारखं सुख त्या घरात मला फार थोड्या वेळा मिळालं. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या मनात काही आधीपासून शिजत होतं, असं तुम्हाला वाटू नये.

मग सासूबाई आल्या. वास घेतला आणि दारातल्या बायकांना म्हणाल्या, "बघा, इंग्रजी खाणं बी आमच्या शैलालाच जमलं."

एवढंच. वाईट काय बोलल्या त्या? काहीच नाही. पण माझ्याजवळ एकच गोष्ट होती हो — आणि तीही उचलून तिच्या पदरात टाकली, असं मला झालं.

शैलानं झाकण काढलं. केक छान फुगला होता. नव्या खराट्याची धुतलेली काडी तिनं मधोमध खुपसली, बाहेर काढून मला दाखवली. काडीला थोडा ओला भुगा चिकटला होता.

"अक्का, वलं लागतंय. उतरू का ऱ्हाऊ दिऊ? काय लिवलंय बघा की."

खोकं माझ्या हातात होतं. काय लिहिलं होतं ते मी तिथंच वाचलं, आजही पाठ आहे. काडीला थोडा ओलसर भुगा लागून आला की केक झाला, लगेच उतरवा, जास्त भाजू नका. मी परत एकदा वाचलं. आणि म्हणाले, "काडी कोरडी ठाक यायला पाहिजे. अजून वीस मिनिटं ठेव. गॅस जरा वाढव."

गॅस वाढव — हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं वाढवला. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तिला ठाऊकच नव्हतं. करपल्याचा वास सुटला तेव्हा ती धावली, आणि मी? मी मागच्या अंगणात गेले आणि ते खोकं पाणी तापवायच्या चुलीत घातलं. तिच्या भावाला इंग्रजी येत होतं.

शैलानं किसणीनं जळकं खरवडलं, उरलेल्या चकतीवर साखर भुरभुरली आणि तीच पाहुण्यांपुढं ठेवली. केक चावायला कडक झाला होता. तिच्या आईनं घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. भावानं विचारलं, कुठं चुकलं, खोकं कुठाय? शैला खाली मान घालून म्हणाली, "अक्कानी बरोबर सांगितलं व्हतं. माझंच ध्यान न्हवतं."

मी तिथंच उभी होते. गौरीचं टोपडं नीट करत होते.

त्यानंतर शैलानं कधी केक केला नाही. कुणी म्हटलंच तर, आपल्याला वाचून करायचं जमत न्हाय, म्हणायची. आणि औषधाची बाटली असो, बियाण्याची पिशवी असो, वाचायला मात्र माझ्याकडंच आणायची. ते सगळं मी खरं वाचलं. त्यानं काय होतं?

गौरी आता लातूरला शिकते. परवाच्या सुट्टीत तिनं तसलंच खोकं आणलं, तोच कुकर काढला. आई, तू पण ये, म्हणून शैलाला शेजारी उभी केली. मी भाजी निवडत होते. गौरीनं खोकं वाचून मराठीत मोठ्यानं सांगितलं — काडीला ओला भुगा लागला की उतरवायचा, नाहीतर कडक होतो.

माझा हात भाजीतच राहिला. शैलानं माझ्याकडं पाहिलं नाही. ओटा पुसता पुसता लेकीला म्हणाली, "आता येगळं छापत असतील. आमच्या टायमाला कोरडीच म्हणायचे. व्हय न्हवं, अक्का?"

मी म्हणाले, "हो. तेव्हा वेगळं होतं."

वेगळं नव्हतं. शैलाचा केक झाला होता.