हिरवी गाडी

माझं शुद्धलेखन चुकीचं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत गेले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. त्यानंतर लिहायचं म्हणजे पत्राचा पत्ता आणि वाणसामानाची यादी, एवढंच. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरीपण कधी कुणाच्या हाती लागलीच, तर वाचणाऱ्याने जिथे अडेल तिथे आपल्या मनाने दुरुस्त करून घ्यावं.

आम्ही बहारीनमध्ये जिदहफ्सला दोन खोल्यांत राहायचो. हे एका गॅरेजात मेकॅनिक होते. मुलगी इंडियन शाळेत. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हे दोघींच्या मधे बसून हसायचे.

गाडी आमच्या गल्लीत भिंतीला लागून उभी असायची, निळ्या ताडपत्रीखाली. अमेरिकन गाडी, दोन दारांची, गडद हिरवी. पुढचं तोंड एवढं लांब की मागे बसायला जागाच उरली नव्हती. हे म्हणायचे, आपल्या लग्नाच्याही आधी बनलेली आहे ती, आठ सिलिंडर आहेत. कुवेतची लढाई संपली त्या वर्षी एक गोरा साहेब घर गुंडाळून देशी निघाला. त्याच्या गाडीचं काम हेच करायचे, म्हणून त्याने यांना स्वस्तात दिली. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बोनस मिळाला असेल.

ती फक्त शुक्रवारी सकाळी निघायची. हे ताडपत्री काढायचे, फडक्याने पुसायचे, आणि आम्ही तिघं बुदैयाच्या रस्त्याने समुद्रापर्यंत जाऊन यायचो. सुरू झाली की सगळ्या गल्लीला कळायचं. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघायची, कुणी अंगठा दाखवायचं. यांना ते फार आवडायचं. मी ओढणी पुढे ओढून मांडीकडे बघत बसायची. मला माणसांनी बघितलेलं लहानपणापासून सोसत नाही.

"अगं, गाडीकडे बघतायत, तुझ्याकडे नाही," हे म्हणायचे.

"मग गाडीला ओढणी घाला," मी एकदा म्हटलं. हे त्यावर समुद्र येईपर्यंत हसले.

गाडी घेतल्यावर पाच वर्षांनी हे गेले. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. गॅरेजात दुपारचा डबा खाल्ला, हात धुवायला उठले आणि नळापाशीच बसले. मला कळलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. बायका आल्या, रडल्या. मी तांदूळ निवडून संपवले. का ते माहीत नाही. अर्धे निवडलेले होते, अर्धे राहिले होते.

यांना तिथेच मनाम्यात पुरलं. आमच्यात जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सगळ्यांना सांगतो, मय्यतीकडे कुणाचं काही येणं असेल तर माझ्याकडे मागा, नाहीतर माफ करा. यांच्या चुलत भावाने तसं सांगितलं. तोही बहारीनलाच होता, बुसैतीनला एका दुकानात सेल्समन. घरी येऊन मला म्हणाला, "भाबी, कुणी पुढे आलं नाही. भाई सुटला."

मग माझी इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस घराबाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. लोक विचारायचे, घरात कोंडल्यासारखं होतं का? मला काही होत नव्हतं. सकाळ व्हायची, एसी घरघरायचा, मुलगी शाळेला जायची, यायची.

पहिल्या आठवड्यातच शेजारीण आली. ती अलिबागकडची, माझ्याहून वयाने मोठी, सगळ्या गल्लीची कामं अंगावर घेणारी. म्हणाली, "मय्यतीच्या वस्तू घरात ठेवू नयेत. गरजवंताला दिल्या की त्याचा सवाब, त्याचं पुण्य, मय्यतीला पोहोचतो." कपडे, घड्याळ, बूट, सगळं तिने बोचक्यात बांधलं आणि मजुरांच्या कॅम्पात पाठवलं. पलंगाखाली एक खोकं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लोखंड.

"हे काय?"

"त्यांचं काहीतरी."

"देऊ?"

"द्या," मी म्हटलं. त्या दिवशी तिने मला विचारलं असतं की भिंत देऊ का, तरी मी द्या म्हटलं असतं. भंगारवाला आला आणि खोकं पिकअपमध्ये टाकून घेऊन गेला. त्याने पैसे विचारले नाहीत, आम्हीही मागितले नाहीत.

पंधरा दिवसांनी मामू आले. मामू म्हणजे आमच्या गावचे सगळ्यांत जुने माणूस, तीस वर्षं बहारीनमध्ये. गावातली जेवढी माणसं तिथे होती ती दर महिन्याला दोन-दोन, पाच-पाच दिनार त्यांच्याकडे जमा करायची. कुणाला अडचण आली की त्या फंडातून बिनव्याजी उचल मिळायची. मधल्या दारावर मी चादर बांधली होती. मामू तिच्या पलीकडे बसले, मी अलीकडे, आणि चहा मुलीने नेऊन दिला.

मामू म्हणाले, "पोरी, जनाज्याला मी गप्प राहिलो. चार लोकांत तुझ्या नवऱ्याचं नाव निघू नये म्हणून. पण तुला माहीत असलेलं बरं. त्याने आठशे दिनार उचलले होते. सहाशे चाळीस राहिलेत."

"कशाला उचलले होते?"

"गावच्या घराला स्लॅब टाकायला म्हणाला होता."

गावच्या घरावर अजून कौलंच होती. मी चादरीच्या फुलांकडे बघत राहिले. गाडी बाहेरच उभी होती, मामूंनाही दिसत होती.

"शुक्रवारी सगळे बसलो," मामू म्हणाले. "सगळ्यांनी माफ केलं. एकानेही नाही म्हटलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. वहीत मी रेघ मारतो."

"नका मारू," मी म्हटलं.

"का?"

मी मुलीला रिकामा कप उचलायला सांगितलं. मामू म्हणाले, "बरं, नोंद राहू दे तशीच," आणि उठले.

का ते मला दोन दिवसांनी कळलं, आणि तेही शेजारणीकडून. आमच्याच गावचा एक माणूस मनाम्यात हॉटेलात भांडी घासायचा. त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि त्याचा उचलीचा नंबर लागला होता. पण फंडात पैसेच नव्हते, म्हणून त्याला थांबायला सांगितलं होतं. माफ करणाऱ्यांत त्याचाही हात वर होता.

शेजारीण हे सांगून म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. कर्ज गेलं, गाडी राहिली. आता शिकून घे आणि फिरव आम्हाला." तिने ते हसतच म्हटलं. मीही हसले असेन.

गाडीचं काय करायचं यावर घरात रोज बोलणं व्हायचं, आणि मी ऐकायची. यांचा चुलत भाऊ म्हणायचा, "विकू नका, भाबी. असल्या गाड्या आता बनत नाहीत. दहा वर्षांनी सोनं होईल. मी माझ्याकडे नेऊन ठेवतो, सांभाळतो. कर्ज तर माफच झालंय. पोरीच्या लग्नाला कामाला येईल." तो खोटं बोलत नव्हता. गाडीवर त्याचा जीव होता, आणि यांच्यावरही होता.

मुलगी एवढंच म्हणायची, "डोन्ट सेल इट, मम्मी. प्लीज." शाळेतून आली की ती ताडपत्रीचा कोपरा उचलून आत जाऊन बसायची. उन्हाने आतली सीट तापून हाताला चटका बसायचा, तरी बसायची.

आणि मला काय वाटत होतं ते मी शोधायची, तर सापडायचं नाही. ती गाडी मला कधी आवडली नव्हती. यांनी माझ्यापासून लपवून आणि सगळ्या गावाशी खोटं बोलून ती घेतली, याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. यांची निशाणी म्हणून माया यायला हवी होती. तीही नाही. तो हॉटेलातला माणूस तेवढा डोळ्यासमोर यायचा. मी त्याला कधी बघितलंही नव्हतं.

इद्दतीच्या तिसऱ्या महिन्यात मी यांच्या भावाला म्हटलं, "गिऱ्हाईक बघा."

तो चिडला, पण त्याने बघितलं. त्याच्याच दुकानात येणारा एक म्हातारा बहारीनी, बुसैतीनचा. त्याच्याकडे असल्या तीन गाड्या होत्या, आणि यांच्या गॅरेजातही तो यायचा. सगळं मूळचं असेल तर अकराशे दिनार देतो म्हणाला. अकराशेतून सहाशे चाळीस गेले तर साडेचारशेच्या वर उरत होते. भाऊसुद्धा जरा नरम झाला.

म्हातारा एका दुपारी आला. मी चादरीमागे उभी राहिले. मधलं दार आणि बाहेरचं दार उघडं होतं, त्यामुळे गल्लीतलं सगळं ऐकू येत होतं. त्याला आधी इंजिनाचा आवाज हवा होता. भावाने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि थांबली. परत फिरवली. पेट्रोलचा वास घरात आला. भाऊ पायाने पेडल दाबत राहिला, गाडी नुसती करकरत राहिली.

पाच वर्षं शुक्रवारी मी त्या सीटवर मान खाली घालून बसले होते. मान खाली असली की यांचा पाय दिसायचा.

मी मुलीला म्हटलं, "काकांना सांग, पाय काढा. दहा मिनिटं काही करू नका. मग एकदाच दाबा, सोडा, आणि किल्ली फिरवा."

तिने जाऊन सांगितलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. तो आवाज घरात आला, कपाटातली भांडी थरथरली. मुलगी गल्लीत उभी राहून रडायला लागली. मी चादर धरून उभी होते. गॅसवर आमटी होती, ती उतू जाईल असं माझ्या मनात आलं, आणि मी जाऊन गॅस बारीक केला.

म्हाताऱ्याने पुढचं झाकण उघडून बराच वेळ बघितलं. नंबर जुळवले. मग तो दारापाशी आला आणि मोडक्या हिंदीत थेट मलाच, बहीण म्हणून हाक मारून, म्हणाला, "उख्ती, इसका असली कार्ब्युरेटर किधर? ये नया है. तेरा आदमी बोला था मेरे को, पुराना घर में रखा है, पेपर में."

मला लगेच कळलं. यांनी उन्हाळ्यात त्रास देतो म्हणून जुना काढून नवा बसवला होता, आणि जुना पलंगाखाली ठेवला होता.

"मफी," मी म्हटलं. नाही. चादरीतून अनोळखी माणसाशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

"मफी कैसे?"

"सदके में दे दिया. मेरे को मालूम नहीं था."

सदका म्हणजे देवाच्या नावाने दिलेलं दान. तो म्हणाला, "अल्ला कबूल करे." आणि मग भावाला म्हणाला, पाचशे. त्या भागाशिवाय पाचशेच्या वर नाही.

भाऊ उसळला. "पाचशे? भंगारवालाही जास्त देईल. भाबी, गाडी मी आत्ताच बुसैतीनला नेतो. पाचशेत कर्जही फिटत नाही, गाडीही जाते. हा कुठला हिशोब?" त्याचं खरं होतं. पाचशेत गाडी जात होती आणि कर्ज उरत होतं. आणि ठेवली तर कुणी मला काही विचारणार नव्हतं. वहीत रेघ मारायला मामू तयारच होते.

मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हातारा दाराशी उभा होता.

"दे दो," मी चादरीमागून म्हटलं. "पाँच सौ. खलास."

"भाबी, तुम्ही गप्प बसा जरा."

"गाडी माझी आहे ना?"

"तुमचीच आहे."

"मग खलास."

म्हाताऱ्याने पैसे मुलीच्या हातात दिले आणि कागद भावाने केले. गाडी गेली तेव्हा मी आत होते. आवाज मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू आला, मग गाड्यांच्या आवाजात मिसळला. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर समोरच्यांनी त्यांचा पिकअप लावला. मुलगी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, इंग्रजीतही नाही.

शेजारीण म्हणाली, "इद्दतीत परक्या माणसाशी बोललीस?" मग तिला खोक्याचं कळलं. ती म्हणाली, "म्हणजे मीच घातले का गं सहाशे दिनार कचऱ्यात?" मी म्हटलं, तुम्ही मला विचारलं होतं. ती त्यानंतर महिनाभर रोज काहीतरी शिजवून आणायची.

पाचशे मामूंकडे गेले. त्यातले तीनशे त्याच आठवड्यात हॉटेलातल्या माणसाला मिळाले असं कळलं. त्याच्या आईला नंतर दिसायला लागलं की नाही ते मला माहीत नाही.

राहिले एकशे चाळीस. इद्दत संपली आणि व्हिसाचा प्रश्न आला. गॅरेजच्या अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, बायकोचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. त्यांनी मला तिथे व्हिसा दिला. मला शिवण येत होतं, आणि तिथे पुरुष येत नव्हते. पगारातून खोलीचं भाडं आणि मुलीची फी गेली की जे उरायचं त्यातले दहा दिनार मी दर महिन्याला मामूंकडे द्यायची. मामू प्रत्येक वेळी म्हणायचे, पोरी, राहू दे ना. एका ईदेला मी देऊ शकले नाही, पुढच्या महिन्यात वीस दिले.

चौदाव्या महिन्यात शेवटची दहाची नोट घेऊन मी मुलीबरोबर गेले. मुलीला दहावीचा अभ्यास होता, ती जिन्यातच पुस्तक उघडून बसली. मामूंनी चष्मा लावून वहीतलं पान काढलं, यांच्या नावाखालचे आकडे वरून खालपर्यंत दोनदा मिळवले, आणि म्हणाले, "पूर्ण."

"पूर्ण?" मी विचारलं.

"सहाशे चाळीस. एकही दिनार राहिला नाही."

मी बरं म्हटलं आणि खाली उतरले.