कुरुत खाणारा उंदीर

बिश्केकमधल्या आमच्या इमारतीत झुराकान एजे, म्हणजे झुराकानताई, राहते. आयुष्यभर तिने ट्रॉलीबस चालवली. निवृत्त झाल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करून थोड्याच दिवसांत कंटाळली. सून तर तिच्या आधीच कंटाळली होती. अशात एका कलादालनाच्या दारावर चिठ्ठी दिसली: प्रदर्शन मांडायला शिकाऊ माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही. वयाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. एजे सरळ आत शिरली.

दालन सांभाळणारी आयपेरी तिच्या धाकट्या लेकीच्या वयाची. ती चाचरत म्हणाली, "एजे, शिडीवर चढावं लागतं हो."

"चढते की! बर्फात बसच्या टपावर चढलेय मी. तुझी शिडी काय घेऊन बसलीस?"

प्रदर्शन होतं इलियाझचं. हा चित्रकार बरीच वर्षं बर्लिनला राहून आलेला. कुरुताच्या, म्हणजे सुकवलेल्या खारट दह्याच्या, पांढऱ्या गोळ्या दोऱ्यात ओवून त्याला छतापासून जमिनीपर्यंत पडदा सोडायचा होता. एजेने गोळ्या ओवायच्या आणि तालांत नावाच्या सुताराने शिडीवरून माळा टांगायच्या, असं ठरलं.

पहिली गोळी भोक पाडताना फुटली, म्हणून एजेने तोंडात टाकली. दुसरी फुटेल असं वाटलं. पुढे तिने फुटायची वाट बघणंच सोडलं.

"एजे," वरून तालांत कुजबुजला, "इकडेही एखादी फुटू द्या ना!"

शेवटी पडद्याच्या कोपऱ्याला टक्कल पडलं.

"इथल्या माळा कुठे गेल्या?" इलियाझने विचारलं.

"उंदीर रे बाळा," एजे शांतपणे म्हणाली. "इमारत जुनी आहे ना." शिडीवर तालांतला खोकल्याची उबळ आली.

इलियाझचा चेहरा पडला. "तुम्ही सगळे जेवून या. मी बसतो राखणीला."

जेवून आले, तर टक्कल वाढलेलं.

"दिसला का उंदीर?" एजेने विचारलं.

"न्हाई," इलियाझ म्हणाला. त्याचा एक गाल फुगला होता आणि काळ्या स्वेटरवर पांढरा चुरा सांडला होता.

एजेने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "आयपेरी, ये गं, सापडला! चष्मासुद्धा लावतो मेला."

इलियाझने लाल होत गोळी गिळली. "बर्लिनमध्ये असा मिळत नाही हो, एजे!"

"मग टांगतोस कशाला? बस खाली, चहा आणते."

आयपेरीला मात्र हसू आलं नाही. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. तिने कलाकारासकट तिघांना झापलं आणि ओश बाजारातून कुरुताचं नवं पोतं आणवलं. मग तिघांना पोटाला तडस लागेपर्यंत लगमान, म्हणजे रश्शातल्या जाड शेवया, खायला घातलं आणि त्यानंतरच सुया हातात दिल्या.

उद्घाटनाला पडद्याजवळ पहारा एजेचाच. "हात मागे! कला आहे ही!" असं ती मोठमोठ्या साहेबांवर खेकसत होती. आणि आशाळभूतपणे बघणाऱ्या पोरांच्या मुठीत गुपचूप एकेक गोळी सरकवत होती.

शिकाऊपणा संपल्यावर तिला प्रमाणपत्र मिळालं. ते तिने घरी भिंतीवर चांगलंच तिरकं लावलंय. मुलगा सरळ करायला गेला, तर म्हणाली, "हात नको लावूस. तुला काय कळतं त्यातलं?"