संतमसाचा डोळा

रोह्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरते. त्याचा खरा हेतू पाहुण्यांचा सत्कार हाच असतो, असे मी संस्थेला दोनदा लेखी कळवले आहे. उत्तर अर्थातच नाही. यंदा परग्रहाची प्रतिकृती करवून आणण्याचे काम मात्र माझ्याच गळ्यात पडले, म्हणून मी पेणला रामवाडीत नमिताबाईंकडे गेलो.

नमिताबाई मूळच्या पेणजवळच्या जिते गावच्या. खाडीचा बांध फुटून घरचे मिठागर बुडाले, तेव्हापासून त्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवतात. एकुलती लेक किमया चिलीतल्या वेधशाळेत संशोधन करते आणि दर वर्षी ‘पुढच्या गणपतीला नक्की’ म्हणते.

मी माहिती सांगितली. ग्रहाचे नाव संतमस, त्याच्या ताऱ्याचे बिभा. दोन्ही नावे भारतीयांनीच सुचवलेली. अंतर तीनशेहून अधिक प्रकाशवर्षे. गुरूच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा वायूचा गोळा, पाय टेकायला जमीन नाही. ताऱ्याच्या इतका निकट, की त्याचे वर्ष आपल्या दोन दिवसांहून किंचित मोठे.

“दोन दिसांचं वरीस?” त्यांचा कुंचला थबकला. “मंग तिथं गणपती परवा परत येत असंल. आन् माझी पोरपन.”

“तिथे कोणी जगणार नाही, बाई. भट्टी आहे ती.”

“ऱ्हायाचंय कुनाला? येऊन जाऊन करायचं.”

पुढे कारखान्यात संतमसाच्या कथाच सुरू झाल्या. तिथे म्हणे आया दाराला कडी लावत नाहीत. लावायला उठेपर्यंत गेलेली पोर परत दारात उभी. शेजारी रंग कालवणाऱ्या धोंडुबाई वैतागल्या: “तूच जा गो तिथं ऱ्हायाला! आमचे कान तरी सुटतील.”

अशातच किमयाचा फोन आला. रजा मिळाली होती; प्रदर्शनाच्या दिवशी ती थेट रोह्याला येणार होती. नमिताबाईंनी प्रतिकृतीच्या गोळ्यावर तपकिरी पट्टे ओढले, एक वादळ काढले आणि सवयीने त्यात बुबुळ भरले. मी हरकत घेतली: हा ग्रह कोणी पाहिलेला नाही, ताऱ्याच्या डळमळण्यावरून तो कळला, डोळा अशास्त्रीय आहे.

“हात गेला, सर. डोला उघडला, आता पुसायचा नाय.”

आखणी झालेली मूर्ती तोंड झाकून न्यायची आणि ज्याच्या घरची त्याने ते उघडायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी गोळ्यावर नवा पंचा बांधला. “किमया सोडंल.” खांब गावापर्यंतच्या खड्ड्यांतून तो झाकलेला ग्रह मी मांडीवर सांभाळत आणला; महामार्गाबद्दल लिहिणे मी आता सोडले आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी नमिताबाईही शाळेत आल्या. प्रमुख पाहुणे पंचा ओढू लागले. नमिताबाईंनी गाठ मुठीत धरली. “थांबा जरा. पोर येतंय.”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला; किमयाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“आये, निघतानाच मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळाला गो. वर्षभर मागत होते. तुला सांगायला धीर झाला नाय. आता सोडता नाय येत. रागावलीस?”

“नाय. जेवलीस का?”

“जेवले. पुढच्या गणपतीला...”

“व्हय. ये सावकाश.”

मोबाइल कमरेला खोचून त्यांनी गाठ स्वतःच सोडली. डोळा अप्रतिम होता. हे कबूल करताना मला आनंद होत नाही.

“सर, चिली कुठं आली हितनं?”

खरे उत्तर एकच होते: चिली पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला, आपल्या पायांखाली. मी बोट खाली, फरशीकडे दाखवले.

त्यांनी गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि डोळा खाली करून मांडला. पाहुण्यांपुढे ग्रहाची कोरी पाठ आली. “उलटं ठेवलंय,” कोणीतरी कुजबुजले. मी त्यांना गप्प केले. नमिताबाई वाकून, मेजाला गाल टेकवून, तो कुठवर पाहतो आहे ते निरखत राहिल्या.